बिजवाईला ठेवलेली शक्ती

अमरावतीत हमखास जिंकून देणारं अस्त्र अकोल्यात आलं की हमखास हरायचं, आणि गीतांजलीला त्याचं कारण काही केल्या सापडत नव्हतं.

अस्त्र म्हणजे खेळातलं. अमरावतीच्या राजापेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर ती आणि तिचा भागीदार शेखर मिळून मोबाइलवरचा एक युद्धाचा खेळ बनवत होते. नाव 'अठरावा दिवस'. कौरव-पांडवांची सैन्यं समोरासमोर, खेळणारा कौरवांकडून, पांडवांकडून फोन, डाव अठरा, एक डाव म्हणजे युद्धाचा एक दिवस. खेळ सुरू होताना प्रत्येकाने एक वर मागून घ्यायचा आणि त्याच्या जोरावर लढायचं. चित्रं आणि यंत्राची बाजू शेखरकडे. वर तोलायचं काम गीतांजलीकडे. कोणता वर फार जड झालाय, कोणता नुसताच फुगलेला आहे, कुणाची धार कमी करायची, कुणाची वाढवायची, हे ती दिवसभर तपासत बसायची. तिच्या आईला, मैनाबाईला, हे काम वाटतच नसे. "आमची पोट्टी देवाइचे वर तपासून राहिली," असं ती शेजारणींना सांगायची. त्यात कौतुक किती आणि काळजी किती, हे शेजारणींना उमगत नसे.

काम मात्र मोठं गमतीचं होतं. सूर्याची थाळी घेतली की सैन्याला अन्न कधी कमी पडत नाही. हा वर दिसायला गरीब, पण बाराव्या दिवशी समोरचे उपाशी मरू लागले की त्याची किंमत कळते. मयसभेची फरशी अंथरली की शत्रूला जमिनीच्या जागी पाणी दिसतं आणि घोडदळ जागच्या जागी थबकतं. पण हा वर एकदाच फसवतो, दुसऱ्यांदा कुणी फसत नाही. गांधारीची दृष्टी ज्या वीरावर पडेल त्याचं अंग लोखंडाचं होतं, मांड्या सोडून. लोक मांड्यांचं विसरतात आणि मग रडतात. गीतांजलीला एक गोष्ट फार आवडायची: पुराणातल्या कुठल्याच देवाने अख्खा वर दिलेला नाही. प्रत्येकात कुठे ना कुठे भोक ठेवलेलंच आहे.

आणि सगळ्यांत वरचा वर म्हणजे इंद्राची शक्ती. समोरचा कोणताही एक वीर, केवढाही मोठा असो, एका फेकीत संपणार. एकदाच. कवचकुंडलं देऊन कर्णाने ती मिळवली, अर्जुनासाठी राखून ठेवली, आणि चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कचावर खर्च करून बसला. पुढे अर्जुन समोर आला तेव्हा हात रिकामा.

ही शक्ती गीतांजलीने खेळात घातली ती वडिलांपायी. जानरावांची बाळापूरच्या बाजूला भाजीची वाडी. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण कर्णावर मात्र त्यांचा जुना राग. श्रावणात देवळात पोथी लागली आणि घटोत्कचाचं पान आलं की जानराव धोतर झटकून उठायचे आणि घरी यायचे. "एवढी मोठी चीज राक्षसावर घालवली. मूर्ख लेकाचा." भावाने न विचारता बैल विकून टाकावा तसं ते कर्णाबद्दल बोलायचे. लहानपणी गीतांजलीने खाऊचा डबा दुपारीच फस्त केला की तेच ऐकावं लागायचं: "कर्णावानी नको करत जाऊ, बाई." तेव्हापासून तिच्या मनात एक कुतूहल घर करून होतं. ही शक्ती खुद्द बाबांच्या हातात दिली तर ते काय करतील?

तर आता घोडं पेंड कुठे खात होतं ते पाहा. शेखर अमरावतीत खेळायचा तेव्हा शक्ती घ्यायचा, पहिल्याच दिवशी अर्जुनावर सोडायचा आणि उरलेले सतरा दिवस शीळ वाजवत जिंकायचा. तोच खेळ दर शनिवारी गीतांजली अकोल्याला घेऊन यायची. जठारपेठेत तिची आत्या पार्बताबाई राहायची. सकाळचा भाजीबाजार आटोपला की सगळं गणगोत आत्याच्या ओसरीवर चहाला जमायचं, आणि गीतांजली त्यांच्या हातात फोन देऊन खेळायला बसवायची. सगळे भाजी-फुलंवाले, हिशेबाला पक्के, डावपेचात बाजारातल्या दलालांना पुरून उरणारे. आणि ज्याने ज्याने इंद्राची शक्ती घेतली तो तो हरला. आत्या सूर्याची थाळी घ्यायची, "आधी पोट, मंग लढाई," म्हणायची आणि हमखास जिंकायची.

"शक्ती हलकी पडून राहिली असंल," शेखर म्हणाला आणि त्याने तिची धार वाढवली. आता वीर मरायचाच, शिवाय त्याची अख्खी तुकडीही जळायची. पुढच्या शनिवारी अकोल्यात आणखी जास्त जणांनी शक्ती घेतली, आणि तेही सगळे हरले.

शेखरने डोक्याला हात लावला. "धार लावली तर अजून बोथट झाली. असं कुठं असते का? माझ्याकडे तिच्यामुळे खेळ एका दिवसात संपते, तुह्याकडे ती असून नसल्यासारखी. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी नागपूरचे पैसे लावणारे लोक खेळ पाहायला येऊन राहिले. मी तिला काढतो. साधा अग्निबाण ठेवू तिच्या जागी."

अख्ख्या खेळात गीतांजलीच्या स्वतःच्या मनातून आलेली तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं त्यांनी मिळून केलेलं, इकडचं तिकडचं पाहून केलेलं. "या शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "मला कारण तरी कळू दे. मग काढ." शेखर भला माणूस. तो थांबला.

त्या शनिवारी तिने निकाल टिपायचे सोडून दिले आणि वडिलांच्या खांद्यामागे जाऊन बसली. जानरावांनी चष्मा पुसला, शक्ती मागून घेतली आणि सैन्याकडे निरखून पाहिलं.

"याइचे नावं काय?" त्यांनी पायदळावर बोट ठेवून विचारलं.

"कोणाचे?"

"हे जे लढून राहिले त्याइचे."

"नावं नाहीत, बाबा. पायदळ एक, पायदळ दोन."

"अच्छा," जानराव म्हणाले आणि थोडे हिरमुसले. गीतांजलीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष त्या कोपऱ्यातल्या तळपत्या शक्तीकडे होतं.

सहाव्या दिवशी अर्जुन अगदी पुढ्यात आला. जानरावांचं बोट शक्तीपाशी गेलं, तिथे घुटमळलं आणि परत आलं. त्यांनी त्याच्यावर साधे बाण सोडले. नवव्या दिवशी पुन्हा तेच. गीतांजलीने ओठ दाताखाली धरले. खेळणाऱ्याला शिकवायचं नाही हा नियम तिनेच केलेला. अठराव्या दिवशी जानरावांचं सैन्य धुळीला मिळालं तेव्हाही कोपऱ्यात शक्ती तशीच तळपत होती, नवीकोरी.

"बाबा, शक्ती काहून नाही सोडली?"

"ठेवली होती."

"कशासाठी?"

"लागंल म्हणून."

"अहो, पण संपला ना खेळ."

जानरावांनी मुलीकडे असं पाहिलं, जणू तीच काहीतरी उधळपट्टीचं बोलते आहे. "एवढी मोठी चीज. अशीच काढून फेकाची का?"

तिने ओसरीवर एकेकाला विचारलं. कुणीच वापरली नव्हती. गेले कित्येक शनिवार एकानेही ती सोडलेली नव्हती. गीतांजली फक्त कोण जिंकलं, कोण हरलं तेवढंच टिपत आलेली; शक्ती वापरली का, हे विचारलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला हसू आलं, पण लगेच नवा प्रश्न उभा राहिला. बाजारात घासाघीस करून शेवटची जुडी खपवणारी ही माणसं. नेमकं इथेच यांचं बोट का अडतं?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वाडीत मिळालं. आईसोबत ती काकड्या तोडायला गेली होती. मांडवाखाली, पानांआड, एक काकडी हातभर लांब, तुळतुळीत, पाहताक्षणी हात जावा अशी. गीतांजलीचा हात गेलाच.

"हात नको लावू," मैनाबाई मागून म्हणाली. "बिजवाईची हाय थे."

गीतांजलीने नीट पाहिलं. देठाला लाल फडकं बांधलेलं होतं. वेलावरची सर्वांत देखणी काकडी बियाण्याला ठेवायची, देठाला फडकं बांधायचं, मग घरचं असो की बाहेरचं, त्या काकडीला कुणी हात लावत नाही. हे तिला का माहीत नव्हतं? जन्मापासून माहीत होतं. दोडक्याच्या वेलावर तेच, वांग्यात तेच, मिरचीत तेच. जे सर्वांत चांगलं ते खायचं नसतं, ते ठेवायचं असतं. आणि तिने खेळ तपासायला कुणाला बसवलं होतं? सगळ्या फडकं बांधणाऱ्यांना. शेखरने शक्तीची धार वाढवली तसं त्यांनी फडकं आणखी घट्ट बांधलं. ती तिथेच मांडवाखाली मटकन बसली आणि हसायला लागली.

"काय झालं व?" मैनाबाई घाबरली.

"काही नाही, माय. आपल्या लोकांनी इंद्राच्या शक्तीला फडकं बांधून ठेवलं."

तिने तिथूनच शेखरला फोन लावला. शेखर मनापासून हसला, आणि मग त्याने विचारलं, "हे तर समजलं. पण करायचं काय? अमरावतीत ती पहिल्याच दिवशी सुटते, अकोल्यात सुटतच नाही. दोन्हीकडे खेळाचा विचका." म्हणणं रास्त होतं. कारण सापडलं, तरी शक्ती वाचत नव्हती. नागपूरच्या लोकांना अजून आठवडा होता, म्हणून त्याने येत्या शनिवारचा शेवटचा वायदा दिला.

न्याहारीला भाकर घेऊन बांधावर बसल्यावर तिने वडिलांनाच विचारलं. "बाबा, बिजवाईची काकडी कधी तोडता?"

"वाळली की. पिवळी पडली की."

"अन् त्याच्या आधी?"

"नाहीच."

"खोटं नका बोलू," मैनाबाई पाटीतून मान वर न करता म्हणाली. "एक डाव तोडली होती तुमी."

जानराव भाकरीकडे पाहू लागले.

"तू पोटात होती," मैनाबाई गीतांजलीला म्हणाली. "वेल सरले होते, बाजारात काकडी नाही, अन् मले एकच ध्यास, काकडी पायजे. दोन दिवस अन्नाले शिवली नाही मी. तिसऱ्या दिवशी हे वाडीत गेले अन् फडकं सोडून बिजवाई घेऊन आले. निबर होती, आंबट होती, आतमंधी नुसत्या बिया. सारी खाल्ली मी. सासरा आठ दिवस बोलला नाही याइच्यासंगं."

"मंग काय करतो?" जानराव पुटपुटले. "समोर बसून रडून राहिली होती."

गीतांजलीचा घास हातातच राहिला. वडिलांबद्दलची एवढी गोष्ट तिला आजवर कुणी सांगितली नव्हती, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. पण डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलेलं. बिजवाई सुटली होती. ती लागेल म्हणून नाही, फायद्याचं म्हणून नाही. समोर कुणीतरी रडत होतं म्हणून.

एसटीत अमरावतीपर्यंत ती तेच घोळवत राहिली. पोथीत काय होतं? घटोत्कच रात्री आला तेव्हा कर्णाचं सैन्य अंधारात ओरडत होतं. माणसं मरत होती आणि जो तो कर्णाला विनवत होता, आता सोड, नाहीतर सकाळ पाहायला कुणी उरायचं नाही. आणि त्या रात्रीपर्यंत कृष्णाने अर्जुनाचा रथ कर्णाच्या टप्प्यात येऊच दिला नव्हता. तिने पोथीतून नुसती शक्ती उचलली होती. ती सुटते कशाने, ते सगळं मागेच राहून गेलं होतं. तिच्या खेळात अर्जुन पहिल्याच दिवशी समोर येऊन उभा राहत होता आणि मरणारे होते पायदळ एक, पायदळ दोन. बाबांनी नावं विचारली तेव्हा तिने ऐकायला हवं होतं.

आठवडाभर दोघं राबले. शक्तीची वाढवलेली धार परत काढली. अर्जुनाचा रथ चौदावी रात्र सरेपर्यंत शक्तीच्या टप्प्याबाहेर ठेवला. चौदाव्या रात्री घटोत्कच आणला, आणि तो साध्या बाणांना दाद देणारा नव्हता. खेळ सुरू होताना आपल्या प्रत्येक तुकडीला नाव द्यायची सोय केली. ज्याला शक्ती अर्जुनासाठी राखायची त्याने ती रात्र सोसावी. ज्याला सोसवणार नाही त्याने सोडावी. शेखर साशंक होता. "नावं देऊन काय होणार? फोनवरच्या ठिपक्यासाठी कुणी एवढी मोठी चीज घालवते का?" त्या शनिवारी तो स्वतः अकोल्याला आला. शक्ती ठेवायची की काढायची, ते तिथेच ठरणार होतं.

ओसरीवर जानराव चष्मा पुसून बसले. या वेळी तुकड्यांसमोर रिकामी जागा पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी एकेक अक्षर शोधत नावं लिहिली. पहिल्या तुकडीला बुधाजी, म्हणजे त्यांचा वारलेला थोरला भाऊ. दुसरीला पार्बता. तिसरीला मैना. आणि सर्वांत मागे, रथांच्या आड, एका लहानशा तुकडीला गीता.

तेरा दिवस ते संथपणे खेळले. शक्ती कोपऱ्यात तळपत होती आणि तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग पडदा काळा झाला आणि घटोत्कच आला. त्याने बुधाजीला गिळलं.

"दादा समजून घेईन," जानराव हळूच म्हणाले. बोट हललं नाही.

मग त्याने पार्बताला उचललं.

"मले खाऊन राहिला थो," आत्या त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अन् तू चूप बसला?"

"अर्जुन येईन उद्या," जानराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "एक रात काढाची हाय फक्त."

ओसरीवर सगळे उठून भोवती गोळा झाले. कुणी म्हणे ठेव, कुणी म्हणे सोड. घटोत्कचाने मैनाच्या तुकडीवर हात टाकला आणि ती निम्मी झाली. शेखर भिंतीला टेकून उभा होता, त्याने गीतांजलीकडे पाहून मान हलवली. नाही सोडणार, असं त्याचं म्हणणं. गीतांजलीलाही तेच वाटलं. शक्ती आता खेळातून गेली, तिने मनाशी कबूल करून टाकलं.

घटोत्कच वळला. मैनाला अर्धं टाकून तो मागे, रथांच्या आड निघाला.

जानरावांनी शक्ती सोडली. विचार केला असं दिसलंच नाही. तव्यावरून हात उचलावा तसं ते झालं. पडदा पांढरा झाला, आणि उजेड ओसरला तेव्हा राक्षस पडलेला होता आणि मागे ती लहानशी तुकडी तशीच उभी होती.

पंधराव्या दिवशी कृष्णाने अर्जुनाचा रथ पुढ्यात आणला. जानरावांचा हात सवयीने कोपऱ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी जिवाची शर्थ केली, सैन्य आवळून धरलं, सतरावा दिवसही ओलांडला, आणि अठराव्या दिवशी थोडक्यात हरले. ओसरीवर कुणी हसलं नाही.

शेखर पुढे आला. तपासणाऱ्याने विचारायचा प्रश्न त्याने विचारला. "काका, पुन्हा खेळलात तर शक्ती अर्जुनासाठी ठेवाल?"

जानरावांनी चष्मा काढला.

"अर्जुन मेला असता का वाचला असता, थे मले काय ठाऊक," ते म्हणाले. "पोरगी त माह्या डोयासमोर होती." मग कुणाकडेच न पाहता ते म्हणाले, "थ्या कर्णाले म्या जिंदगीभर फुकट बोललो."

गीतांजली वडिलांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या हातातला फोन तिने हळूच काढून घेतला. शेखरने भिंतीशी ठेवलेली बॅग उचलली आणि, शक्ती राहू दे, एवढंच तो म्हणाला. आत्या चहा टाकायला आत गेली.

त्या श्रावणात देवळात पोथी लागली. घटोत्कचाचं पान आलं तेव्हा लोकांनी सवयीने जानरावांना वाट करून द्यायला पाय आखडून घेतले. जानराव मांडी घालून तसेच बसून राहिले.